राष्ट्रीय प्रयोगशाळेत भौतिकशास्त्रज्ञ होण्यासाठी : पुण्यातील विद्यार्थ्यांसाठी वाटेची माहिती

पुणे विद्यापीठाच्या चौकातून पाषाणकडे जाणाऱ्या रस्त्याला डॉ. होमी भाभा यांचे नाव आहे. या एकाच रस्त्याच्या आसपास राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, सी-मेट, आयसर, भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आणि संरक्षण संशोधन संघटनेची (डीआरडीओ) एआरडीई ही शस्त्रास्त्रांची प्रयोगशाळा आहे. विद्यापीठाच्या आवारात आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संस्था आहेत, तर नारायणगावजवळ खोडद येथे एनसीआरएची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी आहे. इतक्या संस्था शेजारी असूनही पुण्यात बी.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थ्याला तिथे संशोधक कसे होतात असे विचारले, तर बहुधा ‘नेट द्यावी लागते’ एवढेच उत्तर मिळते. हे उत्तर चुकीचे नाही, पण फार अपुरे आहे. नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा अनेक दारांपैकी एक दार आहे. काही दारे वयाच्या सव्विसाव्या वर्षी बंद होतात, आणि ती होती हेच काहींना ती बंद झाल्यावर कळते. मुलाखतींच्या निमित्ताने असे विद्यार्थी मी वारंवार पाहिले आहेत, म्हणून ही वाट सुरुवातीपासून सविस्तर लिहीत आहे.

कोणाची प्रयोगशाळा, हे आधी पाहावे

‘राष्ट्रीय प्रयोगशाळा’ हा शब्द आपण सैलपणे वापरतो. प्रत्यक्षात या संस्था वेगवेगळ्या खात्यांच्या आहेत आणि खाते बदलले की भरतीची पद्धत, वयाची अट, पदांची नावे आणि कामाचा स्वभाव हे सारेच बदलते. १९४२ साली स्थापन झालेल्या सीएसआयआर या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळांत पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा येतात. मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र, कल्पक्कमचे इंदिरा गांधी केंद्र ही अणुऊर्जा विभागाची आहेत. एआरडीई आणि सुतारवाडीची एचईएमआरएल या डीआरडीओच्या, तर हवामानविज्ञान संस्था पृथ्वीविज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. एनसीआरए हा टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग आहे. आयुका हे विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ साली स्थापन केलेले आंतरविद्यापीठ केंद्र आहे. आणि आयसर ही मुळात शिक्षणसंस्था आहे, तिथे प्राध्यापक असतात. अर्ज भरण्यापूर्वी एवढे वर्गीकरण तरी डोक्यात स्पष्ट असावे.

संस्थेच्या नावावरून भौतिकशास्त्राला तिथे जागा आहे की नाही हे ठरवू नये. रासायनिक प्रयोगशाळेत पॉलिमरच्या प्रवाहीपणाचा, जेलसारख्या मऊ पदार्थांचा आणि सूक्ष्म रचनांचा अभ्यास होतो आणि तो भौतिकशास्त्रच असतो. हवामानविज्ञान संस्थेत ढगांच्या भौतिकीचे मोठे काम चालते. महाबळेश्वरला या संस्थेची ढगांच्या अभ्यासाची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे, कारण पावसाळ्यात तिथे ढग जमिनीवरच उतरलेला असतो आणि उपकरण थेट त्याच्या आत ठेवता येते.

विद्यापीठातील संशोधन आणि राष्ट्रीय प्रयोगशाळेतील संशोधन यांतील खरा फरक जबाबदारीचा आहे. दिल्लीची भौतिकी प्रयोगशाळा भारतीय प्रमाणवेळ सांभाळते आणि देशातील वस्तुमानाचे, लांबीचे व इतर मापांचे मानक जपते. तेथील आकडा चुकला तर तो एका शोधनिबंधापुरता राहत नाही, कारण त्या आकड्यावर इतरांची मापे बेतलेली असतात. प्रत्येक प्रयोगशाळेचे काम इतके उघड नसते, परंतु वृत्ती तीच लागते: आपला आकडा दुसरे कोणीतरी डोळे मिटून वापरणार आहे, हे मनात धरून मोजायचे. या वाटेची तयारी परीक्षेपासून सुरू होत नाही. ती या वृत्तीपासून सुरू होते.

पदवीची वर्षे

पुण्याच्या महाविद्यालयांत बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी साध्या लंबकाचा प्रयोग होतो. बहुसंख्य जर्नलांमध्ये गुरुत्वत्वरणाचे उत्तर ९.८१ किंवा त्याच्या अगदी जवळचे येते, आणि ते तपासले जाऊन त्यावर सही होते. पुण्याचे अक्षांश साधारण साडेअठरा अंश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ५६० मीटर आहे. येथील गुरुत्वत्वरण सुमारे ९.७८ मीटर प्रति सेकंदवर्ग भरते. म्हणजे ९.८१ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने पुण्यातील नव्हे, पुस्तकातील उत्तर लिहिलेले असते.

आता हा फरक खरोखर मोजता येईल का, हे पाहावे. एक मीटर लांबीच्या लंबकाचा आवर्तनकाल सुमारे दोन सेकंदांचा असतो. वीस आवर्तनांना चाळीस सेकंद लागतात. स्टॉपवॉच दाबताना हाताची चूक ०.२ सेकंद धरली तर आवर्तनकालात अर्ध्या टक्क्याची आणि तो वर्ग करून वापरला जात असल्यामुळे गुरुत्वत्वरणात एका टक्क्याची अनिश्चितता येते, म्हणजे ०.१. अशा प्रयोगातून ९.७८ आणि ९.८१ यांतील फरक कळणे अशक्य आहे, आणि ‘९.८१२३’ असे चार दशांश स्थळांचे उत्तर लिहिणे हे तर असत्य विधान ठरते. दोनशे आवर्तने मोजली तर वेळेमुळे येणारी अनिश्चितता ०.०१ पर्यंत उतरते. मग लांबी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा अचूक हवी, आणि ती गोळ्याच्या केंद्रापर्यंत मोजलेली हवी. एवढे करूनही लंबक दहा अंशांच्या कोनातून सोडला असेल तर आवर्तनकाल सुमारे ०.१९ टक्क्यांनी वाढतो आणि उत्तर जवळजवळ ०.०४ ने कमी येते; ज्या फरकाचा आपण शोध घेत आहोत त्यापेक्षा ही चूक मोठी आहे. कोन तीन अंशांवर आणला की ती नगण्य होते.

हा हिशेब मी मुद्दाम पूर्ण मांडला, कारण पुढे मुलाखतीत उमेदवाराला जे विचारले जाते ते नेमके हेच असते. उपकरण महाग असो वा स्वस्त, आकड्यातील अनिश्चितता कुठून आली, त्यातील सर्वांत मोठा वाटा कोणाचा आणि तो कमी करण्यासाठी काय केले, हे तीन प्रश्न टळत नाहीत. ज्याने दोरी आणि गोळा घेऊन त्यांची उत्तरे एकदा प्रामाणिकपणे काढली आहेत, त्याला हीच पद्धत पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासमोरही उपयोगी पडते.

याखेरीज पदवीच्या काळात तीन गोष्टी कराव्यात असे मला मनापासून वाटते. एखादे मोजमापाचे साधन स्वतः जोडावे. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत त्याला लागणारे बहुतेक इलेक्ट्रॉनिक भाग थोडक्या पैशांत मिळतात. तापमापक आणि प्रवर्धक मंडल जोडून त्यातील गोंगाट कसा कमी होतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला पाठ्यपुस्तकातील इलेक्ट्रॉनिक्स वेगळ्याच डोळ्यांनी दिसते. दुसरे, पायथन भाषा शिकावी आणि ती खऱ्या विदेवर (डेटावर) शिकावी. जीएमआरटीची निरीक्षणे ठराविक काळानंतर सर्वांसाठी खुली होतात आणि ती हाताळण्यासाठी कोणाच्याही शिफारशीची गरज नसते. तिसरे, एक उन्हाळा तरी संशोधकांच्या सहवासात घालवावा. तीन विज्ञान अकादमी मिळून देतात ती उन्हाळी फेलोशिप, आयुकाचा सुटीतील विद्यार्थी कार्यक्रम, टाटा संस्थेचा अभ्यागत विद्यार्थी कार्यक्रम आणि मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीची शिबिरे, हे चार मार्ग दरवर्षी तपासावेत. त्यांचे अर्ज उन्हाळ्याच्या कित्येक महिने आधी मागवले जातात, आणि परीक्षा संपल्यावर चौकशीला येणाऱ्यांना त्या वर्षापुरते उशीर झालेला असतो.

एम.एस्सी.साठी आयआयटी घेतात ती जॅम परीक्षा आणि विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा अशा दोन्ही द्याव्यात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातून एम.एस्सी. केल्याने कोणाचेही काही अडत नाही. विभागापासून आयुका आणि एनसीआरए चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, तेथील व्याख्यानांना जाऊन बसता येते, आणि अशी सोय देशात फार थोड्या ठिकाणी आहे. चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी मिळवणाऱ्यांना विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार थेट पीएच.डी.साठी पात्र धरले जाते, तथापि सर्वच जाहिराती ही पात्रता मान्य करतात असे समजू नये. प्रत्येक जाहिरातीतील पात्रतेचा परिच्छेद शब्दन् शब्द वाचावा.

एम.एस्सी.नंतरची दारे

येथे सर्वाधिक गोंधळ होतो, म्हणून थोडे थांबून लिहितो.

पहिले दार पीएच.डी.शिवाय थेट वैज्ञानिक पदावर नेते. भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रशिक्षण शाळा १९५७ पासून चालू आहे. एम.एस्सी.ला ६० टक्के गुण असलेल्या विद्यार्थ्याला तिच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी ऑनलाइन परीक्षेच्या किंवा गेट या अभियांत्रिकी-विज्ञानाच्या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवर मुलाखतीला बोलावले जाते आणि अंतिम निवड मुलाखतीवर होते. वर्षभर विद्यावेतनासह प्रशिक्षण मिळते, ते यशस्वीपणे पूर्ण केल्यावर सायंटिफिक ऑफिसर ‘सी’ या पदावर नेमणूक होते, आणि ठराविक वर्षे सेवा करण्याचा करार असतो. सातव्या वेतन आयोगानुसार या पदाचे मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होते. येथे वयाची मर्यादा खुल्या प्रवर्गासाठी २६, इतर मागासवर्गासाठी २९ आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ३१ वर्षे आहे. एम.एस्सी. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी होत असल्याने खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याच्या हाती जेमतेम तीन संधी असतात. नेटची तयारी करण्यात दोन-तीन वर्षे गेलेला विद्यार्थी या दाराशी पोहोचतो तेव्हा ते बंद झालेले असते. पीएच.डी. पुढे नोकरीत राहूनही करता येते. अणुऊर्जा विभागाचे होमी भाभा राष्ट्रीय संस्था हे अभिमत विद्यापीठ त्यासाठीच आहे. डीआरडीओचे सायंटिस्ट ‘बी’ हे पदही गेटच्या गुणांवर आणि मुलाखतीवर मिळते व त्याचे मूळ वेतन तेवढेच आहे. या दोन्ही खात्यांत जाण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी: तेथील बरेच काम प्रसिद्ध करता येत नाही. ज्याचा आनंद उपकरण चालू होण्यात आहे त्याला त्याचे काही वाटत नाही. ज्याचा आनंद शोधनिबंध छापून येण्यात आहे त्याने दुसरा मार्ग घ्यावा. दोन्ही वृत्ती सारख्याच चांगल्या आहेत, केवळ त्यांची जागा वेगळी आहे.

दुसरे दार पीएच.डी.चे. सीएसआयआरच्या नेट परीक्षेत भौतिक विज्ञानाची प्रश्नपत्रिका तीन तासांची व २०० गुणांची असते. अ भागातील २० पैकी १५ प्रश्न ३० गुणांना, ब भागातील २५ पैकी २० प्रश्न ७० गुणांना आणि क भागातील ३० पैकी २० प्रश्न १०० गुणांना असतात. चुकीच्या उत्तराला चौथा हिस्सा गुण वजा होतात. निम्मे गुण क भागात आहेत, आणि तेथे वीस प्रश्न पूर्ण करण्याच्या हट्टापायी कमावलेले गुण घालवणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. मापनातील चुका, त्यांचा प्रसार आणि न्यूनतम वर्ग पद्धत हे घटक अभ्यासक्रमात आहेत, आणि पेठांतील अभ्यासिकांत बसून पुंज यामिकीची शेकडो उदाहरणे सोडवणारे विद्यार्थी नेमके तेच सोडून देतात.

निकालाचा अर्थ नीट समजून घ्यावा. फेलोशिप मिळते ती केवळ जेआरएफसाठी, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिपसाठी, निवड झाली तर. केवळ सहायक प्राध्यापकपदाची पात्रता किंवा केवळ पीएच.डी. प्रवेशाची पात्रता मिळाली तर पैसे मिळत नाहीत. महाराष्ट्राची सेट परीक्षा पुणे विद्यापीठ घेते आणि तीही अध्यापनाची पात्रता देते, फेलोशिप नव्हे. जेआरएफ १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफ म्हणजे वरिष्ठ फेलो झाल्यावर ४२,००० रुपये आहे, घरभाडे भत्ता वेगळा. खगोलशास्त्राकडे ओढा असेल तर आयुका आणि एनसीआरए मिळून घेतात ती आयनॅट परीक्षा, तसेच अनेक संस्थांना मान्य असलेली जेस्ट आणि टाटा संस्थेची स्वतःची प्रवेशपरीक्षा यांचे अर्ज भरावेत. या परीक्षांचे स्वरूप नेटपेक्षा वेगळे आहे. त्यांत पाठांतराला वाव कमी आणि विचाराला जास्त असतो.

तिसरे दार लोकांना माहीतच नसते. प्रत्येक प्रयोगशाळेत तांत्रिक सहायक आणि तांत्रिक अधिकारी अशी पदे असतात. निर्वात यंत्रणा, द्रव हीलियमची व्यवस्था, सूक्ष्मदर्शक, संगणक-समूह हे सारे ही माणसे चालवतात. आमच्याकडे या पदांना दुय्यम मानण्याची सवय आहे आणि ती अत्यंत चुकीची आहे. चांगल्या तांत्रिक अधिकाऱ्याने सांभाळलेल्या एका यंत्रावर दहा पीएच.डी. उभ्या राहतात.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसाठी कागदपत्रांविषयी एक सूचना, जी कुठल्याही माहितीपत्रकात ठळकपणे सापडत नाही. या सर्व भरती केंद्र सरकारच्या आहेत. भटक्या जमाती, विमुक्त जाती आणि विशेष मागास प्रवर्ग हे राज्याचे गट केंद्रात स्वतंत्रपणे नसतात. आपली जात केंद्राच्या यादीत इतर मागासवर्गात असेल तरच त्याचा लाभ मिळतो, आणि त्यासाठी नॉन-क्रीमीलेअरसह केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र लागते, राज्याच्या नमुन्यातील चालत नाही. राज्याचे सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गाचे आरक्षण केंद्रीय भरतीत लागू नाही. तहसील कार्यालयातून योग्य नमुन्यातील दाखला मिळण्यास वेळ लागतो, म्हणून जाहिरात येण्याची वाट न पाहता तो आधीच काढून ठेवावा. निवड झाल्यानंतर केवळ कागदामुळे मागे राहिलेला विद्यार्थी पाहणे फार क्लेशकारक असते.

पीएच.डी.ची वर्षे

सीएसआयआरच्या प्रयोगशाळांत पीएच.डी.ची नोंदणी प्रामुख्याने ॲक्सिर या अकादमीमार्फत होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार किमान तीन आणि कमाल सहा वर्षे मिळतात. प्रायोगिक विषयाला पाच वर्षे सहज लागतात.

गाइडची निवड करताना विद्यार्थी शोधनिबंधांची संख्या पाहतात. त्याऐवजी मागील पाच-सहा विद्यार्थी किती वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडले आणि आज कुठे आहेत हे पाहावे, आणि सध्याच्या विद्यार्थ्यांशी गाइडच्या गैरहजेरीत, चहाच्या वेळी, तासभर बोलावे. यंत्र कोणाच्या ताब्यात असते, आठवड्यातून किती वेळ मिळते, बिघडल्यास दुरुस्तीला किती महिने लागतात, हे त्यांना नक्की ठाऊक असते. ज्या प्रश्नाचे उत्तर एकाच यंत्रावर अवलंबून आहे तो प्रश्न प्रबंधाचा एकमेव विषय म्हणून घेऊ नये.

वहीविषयी मी आग्रही आहे, आणि त्याला कारण आहे. माझ्या पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी एका ऑक्साइडच्या पातळ थराचा विद्युतरोध तापमानाबरोबर कसा बदलतो हे मोजत होतो. नमुना गार करताना आणि तापवताना रोध ज्या तापमानाला एकदम बदलत होता, त्यांत सुमारे तीन अंशांचा फरक पडत होता. हा पदार्थाचाच गुण आहे असे मानून मी लेखाचा खर्डाही केला. गाइडनी खर्डा बाजूला ठेवला आणि वही मागितली. वहीत प्रत्येक फेरीपुढे तापमान बदलण्याचा वेग लिहिलेला होता, केवळ सवय म्हणून. तो वाचून ते म्हणाले, “एक अंश प्रतिमिनिट वेगाने पुन्हा मोजा.” आधीचा वेग तीन अंशांचा होता. वेग तिसऱ्या हिश्श्यावर आणताच फरकही तिसऱ्या हिश्श्यावर आला. पदार्थाचा गुण वेगाच्या असा थेट प्रमाणात बदलला नसता. माझा तापमापक नमुन्यापासून थोडा दूर बसवलेला होता आणि नमुन्याचे तापमान त्याच्या मागून चालत होते. तापमापक नमुन्याला लागून बसवल्यावर तो फरक जवळजवळ नाहीसा झाला. वहीत वेग लिहिलेला नसता तर तो लेख छापला गेला असता आणि माझ्या नावावर एक असत्य कायमचे राहिले असते. म्हणून तारीख, नमुन्याचा क्रमांक, प्रत्येक जोडणी, प्रत्येक वेग आणि त्या दिवशी खटकलेली प्रत्येक गोष्ट बांधीव वहीत शाईने लिहावी, आणि चुकलेले खोडून न काढता त्यावर एक रेघ मारावी.

याच वर्षांत हाताला कोणते कौशल्य लागले आहे याकडेही लक्ष ठेवावे. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथील लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. आयुका, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संस्था आणि अणुऊर्जा विभागाचा बांधकाम विभाग मिळून ते काम करत आहेत. तिच्या दोन्ही भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असतील आणि त्यांत अतिउच्च निर्वात राखावा लागेल. निर्वात तंत्र, लेसर प्रकाशिकी, नियंत्रण यंत्रणा आणि कंपनांचे शमन यांपैकी एक तरी काम ज्याला खरोखर येते, अशा माणसांची गरज मराठवाड्याच्या भूमीवर पडणार आहे. प्रबंधाचा विषय काहीही असला तरी ही कौशल्ये त्याच्या सोबतीने शिकता येतात.

पीएच.डी.नंतर

दोन-तीन वर्षांचे पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचे मुदतीचे संशोधन, आता जवळपास अपरिहार्य आहे. परदेशी जावे की नाही याबद्दल मते टोकाची असतात. माझे मत असे की, संस्था बदलणे आवश्यक आहे, देश बदलणे ऐच्छिक आहे. गाइडच्या सावलीबाहेर आपण एक प्रश्न स्वतः उभा करून सोडवू शकतो हे त्या काळात दिसले पाहिजे. देशात राहायचे असेल तर राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप आहे आणि सीएसआयआरची रिसर्च असोशिएटशिपही आहे. ज्या स्त्री-संशोधकांच्या कामात घरच्या कारणाने खंड पडला आहे त्यांच्यासाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या वाइज-किरण या योजना आहेत. त्या मागण्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

सीएसआयआरमधील सायंटिस्ट पदासाठी सर्वसाधारण वयोमर्यादा ३२ आणि सीनियर सायंटिस्टसाठी ३७ वर्षे आहे. सायंटिस्टचे मूळ वेतन ६७,७०० रुपयांपासून सुरू होते. जाहिरातीत प्रत्येक पदाला वेगळा क्रमांक आणि त्यापुढे कामाचे वर्णन असते. उमेदवार पात्रतेचा रकाना वाचतात आणि कामाच्या वर्णनावरून नजर फिरवून पुढे जातात. निवड मंडळ मात्र त्याच वर्णनाशी अर्ज ताडून पाहते. तेथे ‘पातळ थरांचे संवेदक’ असे लिहिले असेल आणि आपला अर्ज त्याविषयी एक अक्षरही न बोलता वीस शोधनिबंधांची यादी देत असेल, तर तो बाजूला पडतो. अर्जाचा अर्धा भाग त्या पदासाठी नव्याने लिहावा.

मुलाखतीत दहा-पंधरा मिनिटांचे सादरीकरण असते. त्यात कामाचा सगळा इतिहास कोंबण्यापेक्षा एक मोजमाप पूर्णपणे उलगडावे. सामूहिक शोधनिबंधात आपला वाटा कोणता हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे. जून २०२३ मध्ये अतिशय कमी वारंवारतेच्या गुरुत्वीय लहरींचा पुरावा जाहीर झाला तेव्हा त्यात जीएमआरटीवरील स्पंदकांची (पल्सर ताऱ्यांची) निरीक्षणेही होती; अशा कामात लेखकांची यादी लांबलचक असते, आणि ‘कमी वारंवारतेवरील विदेतून आंतरतारकीय माध्यमाचा परिणाम मी वेगळा केला’ असे नेमके सांगणारा उमेदवार मंडळाच्या लक्षात राहतो. येत नसलेल्या प्रश्नाला ‘मला माहीत नाही, पण मी ते असे शोधीन’ हे उत्तर पूर्णपणे स्वीकारार्ह आहे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना इंग्रजीची धास्ती असते. मंडळाला अस्खलित इंग्रजी नको असते, स्वच्छ विचार हवा असतो. वाक्य लहान ठेवावे आणि फळ्यावर आकृती काढावी.

रुजू झाल्यावर

पहिली दोन-तीन वर्षे खरेदीत जातात, हे कोणी आधी सांगत नाही. उपकरणाचे तांत्रिक विवरण लिहिणे, शासकीय खरेदीचे जेम पोर्टल किंवा निविदा, तांत्रिक समिती, लेखापरीक्षणाचे प्रश्न, यंत्र आल्यावर वातानुकूलन आणि अखंड वीज, हे सारे संशोधकालाच पाहावे लागते. विवरणात एक अट सैल राहिली तर पुढची दहा वर्षे त्या यंत्राबरोबर काढावी लागतात, म्हणून ते शोधनिबंधाइतक्याच काळजीने लिहावे. या काळात शेजारच्या गटाच्या यंत्रांवर काम करत राहावे. रिकाम्या खोलीत यंत्राची वाट पाहत बसलेला नवा सायंटिस्ट लवकर खचतो.

बढती रिक्त जागेवर अवलंबून नसते, हा या सेवांचा मोठा गुण आहे. ठराविक वर्षांनंतर कामाचे मूल्यमापन होते आणि त्यावर पुढील पद मिळते. सीएसआयआरमध्ये सायंटिस्ट, सीनियर, प्रिन्सिपल, सीनियर प्रिन्सिपल आणि चीफ सायंटिस्ट असा क्रम आहे. अणुऊर्जा विभागात आणि डीआरडीओत तो अक्षरांनी पुढे सरकतो. मूल्यमापनात शोधनिबंधांबरोबर पेटंट, उद्योगांसाठी केलेले काम, उभारलेली सुविधा आणि घडवलेले विद्यार्थीही धरले जातात. यांपैकी आपला भार कशावर राहणार हे तिसऱ्या-चौथ्या वर्षी ठरवून तसे नोंदवत जावे, म्हणजे मूल्यमापनाचा अर्ज भरताना जुनी पत्रे शोधावी लागत नाहीत.

ज्यांना यापुढे जाण्याआधी हे जग एकदा डोळ्यांनी पाहायचे आहे, त्यांनी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनी खोडदला जावे. त्या सुमारास जीएमआरटी लोकांसाठी खुली असते आणि परिसरातील शाळांची मुले आपले प्रयोग घेऊन तिथे येतात. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस ॲन्टेना तिथे सुमारे पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात उभ्या आहेत. या दुर्बिणीचे शिल्पकार गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या तारांवर बारीक जाळी बसवण्याची युक्ती काढली, त्यामुळे वाऱ्याचा भार आणि खर्च दोन्ही कमी झाले. तेथे माहिती सांगायला उभ्या असलेल्या अभियंत्याला विश्वाविषयी प्रश्न सगळेच विचारतात. तुम्ही त्यांना गेल्या महिन्यात कोणत्या ॲन्टेनात काय बिघडले होते, ते कसे लक्षात आले आणि दुरुस्तीला किती दिवस लागले, हे विचारा. उत्तर ऐकताना अर्धा तास कसा गेला हे कळले नाही, तर परतल्यावर अर्जाच्या तारखा काढायला बसा.